जावा: कंपाइल एरर आणि रनटाइम क्रॅश नेमके कसे ओळखावेत?

प्रश्न: शिकाऊ_जावा

नमस्कार मंडळी,

मी एमसीएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि कॅम्पस मुलाखतींच्या आधी होणाऱ्या बहुपर्यायी चाचण्यांची तयारी करत आहे. या चाचण्यांत जावाच्या कोडचा एक लहानसा तुकडा देऊन ‘आउटपुट काय येईल’ असे विचारतात, आणि उत्तरांच्या पर्यायांत ‘कंपाइल एरर’ आणि ‘रनटाइम एरर’ हे दोन हमखास असतात. व्याख्या मला पाठ आहेत: व्याकरणाची किंवा प्रकारांची चूक कंपायलर पकडतो आणि प्रोग्राम चालू असताना जी गडबड होते ती रनटाइम. परंतु ही व्याख्या प्रत्यक्ष कोडला लावायला गेले की पुढील तीन ठिकाणी मी अडते.

पहिले ठिकाण फाइल वाचण्याचे. फाइलरीडरचा ऑब्जेक्ट तयार करणारी ओळ मी ट्राय-कॅचशिवाय लिहिली, तेव्हा ‘अनरिपोर्टेड एक्सेप्शन फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन, मस्ट बी कॉट ऑर डिक्लेअर्ड टू बी थ्रोन’ असा संदेश आला. एक्सेप्शन ही तर प्रोग्राम चालताना घडणारी गोष्ट आहे, मग तिचे नाव घेणारा हा संदेश कोणत्या गटात धरायचा?

दुसरे ठिकाण एक्लिप्स या कोड लिहिण्या-चालवण्याच्या साधनातले. मेन मेथडमध्ये मी आधी ‘सुरुवात’ असे छापते आणि नंतर दुसरी एक मेथड बोलावते. त्या दुसऱ्या मेथडमध्ये इंट प्रकारच्या व्हेरिएबलला स्ट्रिंग दिली असल्यामुळे तिथे तांबडी खूण दिसत होती. एक्लिप्सने विचारले की प्रोजेक्टमध्ये चुका आहेत, तरी पुढे जायचे का, आणि मी होकार दिला. कन्सोलवर ‘सुरुवात’ छापले गेले आणि त्याखाली ‘एक्सेप्शन इन थ्रेड मेन जावा.लँग.एरर: अनरिझॉल्व्ह्ड कंपायलेशन प्रॉब्लेम’ आले. चूक कंपाइलची असेल तर प्रोग्राम सुरूच कसा झाला, आणि सुरू झाला असेल तर ती चूक कंपाइलची कशी म्हणायची?

तिसरे ठिकाण मला सर्वांत जास्त छळते. ‘बाइट ब = २००;’ ही ओळ कंपाइल होत नाही, पण ‘इंट क = १० / ०;’ ही ओळ मात्र बिनबोभाट कंपाइल होते आणि चालवल्यावर अरिथमेटिकएक्सेप्शन येते. दोन्ही ओळींत आकडे डोळ्यांसमोर आहेत आणि दोन्हींतली चूक शाळकरी मुलालाही दिसेल. मग कंपायलरला एक दिसते आणि दुसरी का दिसत नाही?

केवळ पाठांतर न करता ठरवता येईल अशी एखादी रीत असेल तर कृपया समजावून सांगावी.

उत्तर: अर्धविराम

आपले तिन्ही प्रश्न नेमके आहेत. माझ्या मते अडचण व्याख्येच्या मांडणीतच आहे, कारण त्या व्याख्येत चुकांच्या जाती सांगितल्या आहेत. वास्तविक एकच चूक, ती कशी लिहिली आहे त्यानुसार, कधी या गटात पडते तर कधी त्या गटात. त्यामुळे ‘ही कोणत्या जातीची चूक आहे’ असे विचारण्याऐवजी ‘हा आक्षेप कोणी घेतला आणि तो घेताना त्याच्या हातात काय होते’ असे विचारावे. कंपायलरच्या हातात फक्त लिहिलेला मजकूर असतो, म्हणजे व्हेरिएबलांचे जाहीर केलेले प्रकार, मेथडच्या सह्या (नाव, पॅरामीटर आणि ती काय परत देते किंवा टाकते यांची घोषणा) आणि मजकुरातच असलेल्या स्थिर किमती. जेव्हीएमच्या, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेच्या, हातात प्रत्यक्ष किमती असतात: वापरकर्त्याने काय टाइप केले, फाइल डिस्कवर आहे की नाही, अ‍ॅरे किती लांबीचा निघाला.

या कसोटीवर आपला पहिला संदेश तपासून पाहा. ‘अनरिपोर्टेड’ असे म्हणणाऱ्याने फाइल शोधलेली नाही. फाइलरीडरच्या कन्स्ट्रक्टरच्या सहीत ‘मी फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन टाकू शकतो’ असे जाहीर केले आहे, तुम्ही ते पकडलेही नाही आणि स्वतःच्या मेथडवर थ्रोज लिहून पुढेही कळवले नाही, एवढाच त्याचा आक्षेप आहे. हा आक्षेप निव्वळ मजकूर वाचून घेता येतो, म्हणून ती कंपाइल एरर आहे, आणि फाइल डिस्कवर जागच्या जागी असली तरीही ती येणारच. मेथडवर थ्रोज लिहिलेत की कंपायलर गप्प होईल. त्यानंतर फाइल खरोखरच नसेल तर त्याच नावाची एक्सेप्शन पुन्हा भेटेल, पण आता ती जेव्हीएमने चालू प्रोग्राममध्ये उभी केलेली असेल. नाव एकच असले तरी बोलणारे दोघे आहेत. उलट दिशेचाही एक नमुना लक्षात ठेवावा, कारण चाचण्यांत तो विचारतात: ट्रायच्या आत नुसती बेरीज आहे आणि कॅचमध्ये आयओएक्सेप्शन लिहिली आहे, तर ‘ही एक्सेप्शन या ट्रायमधून कधीच टाकली जात नाही’ असे सांगून कंपायलर तो कोड परत करतो.

संदेशाची ठेवणही बोलणारा कोण ते सांगते. जावासी या कंपायलरच्या संदेशात फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि ‘एरर’ हा शब्द असतो, खाली ती ओळ जशीच्या तशी छापून चुकीच्या जागेखाली टोकदार खूण केलेली असते आणि शेवटी एकूण चुकांची संख्या येते. जेव्हीएमच्या संदेशाची सुरुवात ‘एक्सेप्शन इन थ्रेड’ अशी होते आणि त्याखाली ‘अ‍ॅट’ ने सुरू होणाऱ्या ओळींची उतरंड लागते, जिला आपण स्टॅक ट्रेस म्हणतो. ओळीचा क्रमांक दोन्हींत असतो, त्यामुळे केवळ क्रमांक पाहून काही ठरवू नये.

एक्लिप्सचे कोडे याच वाटेने सुटते. एक्लिप्स जावासी वापरत नाही. त्याचा स्वतःचा कंपायलर आहे आणि तो एका मेथडमध्ये चूक सापडली म्हणून बाकीचा क्लास अडवून ठेवत नाही. चूक असलेल्या मेथडचे सगळे अंग काढून तिथे ‘जावा.लँग.एरर टाका’ एवढीच सूचना तो भरतो आणि क्लास फाइल, म्हणजे जेव्हीएमला चालवता येणारी फाइल, तयार करतो. तुमची मेन मेथड निर्दोष होती म्हणून ती चालली आणि ‘सुरुवात’ छापले गेले. दुसऱ्या मेथडमध्ये पाऊल पडताच ती भरलेली सूचना अमलात आली. म्हणजे चूक कंपायलरनेच पकडली होती, निरोप मात्र चालू प्रोग्रामच्या तोंडून आला. हेच कोड जावासीने कंपाइल केले असते तर क्लास फाइल तयार झाली नसती आणि ‘सुरुवात’ हा शब्दही दिसला नसता. चाचणीत विचारलेले जावा हे जावासीच्या नियमांनी चालणारे आहे असे धरावे, आणि निदान तयारीच्या काळात कोड कमांड प्रॉम्प्टवर जावासीने आणि मग जावा आज्ञेने, असे दोन टप्प्यांत चालवावे, असा माझा आग्रह आहे. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून एकाच फाइलचा प्रोग्राम थेट जावा आज्ञेने चालवता येतो, आणि ती सोय चांगलीच आहे, परंतु तिच्यात कंपाइल आणि चालवणे या दोन्ही गोष्टी एकाच आज्ञेआड होतात आणि शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून टप्प्यांमधली सीमा नाहीशी होते.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाला अधिक जागा लागेल, त्यामुळे तो इतरांसाठी ठेवतो.

उत्तर: पाटीपेन्सिल

अर्धविराम यांनी उत्तम पाया घातला आहे. बाइट आणि भागाकार यांच्याबद्दल मी लिहिते, कारण वर्गात जावा शिकवताना याच जागी विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त गोंधळ झालेला मी पाहिला आहे.

कंपायलर चूक ‘दिसली’ म्हणून कोड नाकारत नाही. भाषेच्या नियमपुस्तकाने जे बेकायदा ठरवले आहे तेवढेच तो नाकारतो, आणि जे कायदेशीर आहे ते कितीही वेडेवाकडे असले तरी त्याला स्वीकारावेच लागते. पूर्णांकाला शून्याने भागल्यास अरिथमेटिकएक्सेप्शन टाकावी असा जावाचा नियम आहे, म्हणजे १० / ० या पदावलीला भाषेने एक निश्चित अर्थ दिलेला आहे आणि तो अर्थ ‘इथे एक्सेप्शन उभी राहील’ असा आहे. ज्या मजकुराला अर्थ आहे तो बेकायदा नाही. फार तर लिंटचा, म्हणजे संशयास्पद कोडबद्दल इशारे देण्याचा, पर्याय चालू ठेवला असता कंपायलर इशारा देतो, पण क्लास फाइल तयार करतोच. जाता जाता हेही नोंदवते की १० / ०.० या दशांश भागाकारात एक्सेप्शनसुद्धा येत नाही, उत्तर ‘इन्फिनिटी’ येते. चाचणीत हा दशांशबिंदू मुद्दाम ठेवलेला असतो.

बाइटची गोष्ट वेगळी आहे. इंटची किंमत बाइटमध्ये ठेवता येत नाही हा मूळ नियम, आणि त्याला एक सवलत आहे: किंमत स्थिर असेल आणि ती उणे १२८ ते १२७ या मर्यादेत बसत असेल तर चालते. म्हणून ‘बाइट ब = १००;’ चालते आणि २०० ला सवलत मिळत नाही. आता १०० हीच किंमत आधी एका साध्या इंट व्हेरिएबलमध्ये ठेवून ते व्हेरिएबल बाइटला द्या. कंपायलर नाही म्हणेल, कारण आता त्याच्या समोर किंमत नसून केवळ ‘इंट’ हा प्रकार आहे. त्याच व्हेरिएबलच्या आधी फायनल लिहिले आणि जाहीर करतानाच १०० दिले, तर ते पुन्हा स्थिर ठरते आणि ओळ कंपाइल होते. आणि २०० च्या आधी कंसात बाइट असा कास्ट, म्हणजे प्रकार बदलण्याची सूचना, लिहिला तर कंपायलरही तक्रार करत नाही आणि जेव्हीएमही करत नाही, फक्त ब ची किंमत उणे ५६ होते.

ही शेवटची शक्यता पाठ्यपुस्तकांतील व्याख्यांत सहसा येत नाही. ‘कंपाइल एरर की रनटाइम एरर’ या प्रश्नाला ‘दोन्ही नाही, चुकीचे उत्तर’ असेही उत्तर असू शकते आणि व्यवहारात तेच सर्वांत घातक असते. इंटची कमाल किंमत २१४७४८३६४७ आहे. त्यापेक्षा एकाने मोठी संख्या, २१४७४८३६४८, थेट कोडमध्ये लिहून इंटला दिली तर ‘इंटिजर नंबर टू लार्ज’ ही कंपाइल एरर येते. तीच संख्या मिळवण्यासाठी कमाल किमतीत बेरजेने १ मिळवला तर कंपाइलही होते, चालतेही, आणि उत्तर उणे २१४७४८३६४८ येते. ती बेरीज जावा ८ मध्ये आलेल्या मॅथ.अ‍ॅडएक्झॅक्ट या मेथडने केली तर चालताना अरिथमेटिकएक्सेप्शन येते. चूक एकच आहे, पण लिहिण्याच्या तीन पद्धतींमुळे तिची गत तीन प्रकारची झाली. शिकाऊ_जावा, हे तिन्ही तुकडे आपण स्वतः टाइप करून चालवून पाहावेत असे मला मनापासून वाटते.

हे केवळ परीक्षेपुरते नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतील बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमवार अ‍ॅरे दर वेळी निम्मा करत शोधण्याच्या रीतीत, मधला क्रमांक काढण्यासाठी खालची आणि वरची टोके मिळवून दोनाने भागत असत. अ‍ॅरे फार मोठा असेल, म्हणजे २ चा ३० वा घात, सुमारे १०७ कोटी घटक किंवा त्याहून अधिक, तर ती बेरीज इंटच्या मर्यादेबाहेर जाऊन उणे होई आणि मग त्या उणे क्रमांकावरचा घटक मागताना अ‍ॅरेइंडेक्सआउटऑफबाउंड्सएक्सेप्शन येई. ती लायब्ररी लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये हा दोष जाहीरपणे मांडला, तोवर तो सुमारे नऊ वर्षे तसाच राहिला होता. इथे काळजीपूर्वक पाहण्यासारखी गोष्ट अशी की क्रॅश घटक वाचण्याच्या ओळीवर होतो आणि दोष मात्र त्याआधीच्या, कोणतीही तक्रार न करता पार पडलेल्या बेरजेच्या ओळीत असतो. कंपाइल एररमधली टोकदार खूण बहुधा दोषाच्या जवळ असते. स्टॅक ट्रेसमधली ओळ ही फक्त परिणाम उघडा पडल्याची जागा असते, आणि तिथून उलट चालत जाऊन कारण शोधावे लागते.

आणखी एक भेद चाचण्यांत नेहमी येतो, तो सांगून थांबते. मेथडच्या आतील व्हेरिएबलला किंमत न देता ते वापरले तर ‘मे नॉट हॅव बीन इनिशिअलाइझ्ड’ अशा अर्थाची कंपाइल एरर येते. तेच व्हेरिएबल क्लासचे फील्ड असेल तर त्याला आपोआप शून्य किंवा नल मिळते, कोड कंपाइल होते, आणि नलवर मेथड बोलावली की नलपॉइंटरएक्सेप्शन येते. कोडचा तुकडा वाचताना घोषणा कोणत्या कंसांच्या आत आहे हे आधी पाहावे.

उत्तर: रात्रपाळी

वरची दोन्ही उत्तरे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पुरेशी आहेत, तरीही नोकरीत गेल्यावर पहिल्या काही महिन्यांतच जो प्रकार भेटतो त्याची कल्पना आधीच असावी म्हणून लिहितो. मी सर्व्हरवरच्या प्रणालींची देखभाल करतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक वर्ग असा असतो की ज्यात कंपायलर आपल्या जागी बरोबर होता, जेव्हीएमही बरोबर होते, पण दोघांनी पाहिलेले जग एक नव्हते.

जावात प्रत्येक क्लास वेगळा कंपाइल होतो आणि इतर क्लासशी त्याची जोडणी प्रोग्राम चालताना होते. कंपाइल करताना लायब्ररीची नवी जार फाइल (अनेक क्लास फाइलींचे एकत्र गाठोडे) होती आणि सर्व्हरवर जुनी असेल, तर कंपायलरने पाहिलेली मेथड जेव्हीएमला सापडत नाही आणि नोसचमेथडएरर येते. वास्तविक ‘अशी मेथड नाही’ हा कंपायलरचा नेहमीचा आक्षेप आहे, पण इथे तो चालत्या प्रोग्राममध्ये उभा राहतो, आणि तोही ती ओळ प्रत्यक्ष येईपर्यंत नाही. संध्याकाळी चढवलेला प्रोग्राम रात्री दोन वाजता, जेव्हा एखादे क्वचित चालणारे काम सुरू होते तेव्हा, पडण्याचे हे एक कारण असते.

याचा एक नमुना तर असा आहे की त्यात बाहेरची लायब्ररीसुद्धा लागत नाही. बाइटबफर या क्लासवर फ्लिप नावाची मेथड बोलावणारा कोड जावा ९ किंवा त्यापुढच्या कंपायलरने, सोर्स आणि टार्गेट दोन्ही ८ ठेवून, कंपाइल केला आणि जावा ८ वर चालवला, तर नोसचमेथडएरर येते. जावा ८ मध्ये फ्लिप ही मेथड बफर या मूळ क्लासमध्ये आहे आणि ती बफर परत देते, तर जावा ९ मध्ये बाइटबफरमध्ये तिची स्वतंत्र आवृत्ती आली आणि ती बाइटबफर परत देते. क्लास फाइलमध्ये मेथडच्या नावाबरोबर परतीचा प्रकारही नोंदला जातो, म्हणून जावा ८ ला ती मेथड अनोळखी वाटते. सोर्स आणि टार्गेट हे पर्याय भाषेचे नियम व क्लास फाइलचा साचा तेवढा जुना ठेवतात, लायब्ररी मात्र नवीच पाहतात. म्हणूनच जावा ९ मध्ये रिलीज हा पर्याय आला, जो कंपायलरला त्या आवृत्तीची लायब्ररीसुद्धा दाखवतो. रिलीज ८ असे दिले की हा दोष मुळात उद्भवत नाही.

याच कुळातला पण निदान करायला सोपा असा दुसरा म्हणजे अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर. क्लास फाइलवर आवृत्तीचा क्रमांक असतो, जावा ८ साठी ५२ आणि जावा १७ साठी ६१. जुन्या जेव्हीएमला ६१ क्रमांकाची फाइल दिली की ते पहिल्या पावलालाच नकार देते. संदेशात दोन्ही क्रमांक स्पष्ट छापलेले असतात, तेव्हा तो शांतपणे वाचला तर शोधाशोध करावी लागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी यातला लगेच उपयोगी पडणारा भाग इतकाच की जावासीने चूक दाखवली तरी फोल्डरमधली आधीची क्लास फाइल पुसली जात नाही. त्या स्थितीत जावा आज्ञा दिली तर जुना प्रोग्राम चालतो आणि ‘मी बदल केला तरी आउटपुट तेच येते’ असे वाटत राहते. प्रयोगशाळेत ही तक्रार ऐकू आली की आधी क्लास फाइलची वेळ पाहावी.

प्रतिसाद: शिकाऊ_जावा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाटीपेन्सिल मॅडम, आपण सांगितलेले तिन्ही तुकडे चालवले आणि तीन वेगळे निकाल पाहिले, आता ते विसरणे शक्य नाही. ‘आक्षेप कोणी घेतला’ ही कसोटी लावून जुन्या प्रश्नसंचातले बरेच प्रश्न सुटले.

दोन शंका उरल्या आहेत. एक कास्टबद्दल: स्ट्रिंगचा कास्ट इंटिजरमध्ये केला तर काही प्रश्नांत कंपाइल एरर हे उत्तर दिले आहे आणि काहींत क्लासकास्टएक्सेप्शन. दुसरी अशी की माझ्या प्रोजेक्टमध्ये ‘स्ट्रिंग नाव = यादी.गेट(०);’ या ओळीवर क्लासकास्टएक्सेप्शन आली आहे. यादीचा प्रकार स्ट्रिंगांची लिस्ट असा जाहीर केला आहे आणि त्या ओळीत मी कास्ट लिहिलेलाच नाही.

उत्तर: अर्धविराम

पहिल्या शंकेत व्हेरिएबलचा जाहीर प्रकार पाहा, त्यातली वस्तू नव्हे. व्हेरिएबल स्ट्रिंग प्रकारचे असेल तर त्यातली वस्तू इंटिजर असण्याची कोणतीच शक्यता नाही हे कंपायलरला मजकुरावरून सिद्ध करता येते, म्हणून तो नाकारतो. व्हेरिएबल ऑब्जेक्ट प्रकारचे असेल तर आत इंटिजर असूही शकते, म्हणून तो वाट मोकळी ठेवतो आणि तपासणी जेव्हीएमवर सोपवतो. आत स्ट्रिंग निघाली तर क्लासकास्टएक्सेप्शन. इंटरफेसच्या बाबतीत कंपायलर आणखी उदार असतो. तुमचा ‘गाडी’ नावाचा साधा क्लास रनेबल या इंटरफेसशी काडीचाही संबंध ठेवत नसला तरी गाडी प्रकारच्या व्हेरिएबलचा रनेबलमध्ये केलेला कास्ट कंपाइल होतो, कारण उद्या कोणी गाडीचा उपक्लास काढून त्यात रनेबल आणू शकतो. गाडीच्या आधी फायनल लिहा, उपक्लासची शक्यता संपेल आणि तीच ओळ कंपाइल एरर होईल.

कंपायलर सर्व काही का ठरवू शकत नाही याला तात्त्विक मर्यादाही आहे. दिलेला कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले, आणि ‘ही ओळ कधी गाठली जाईल का’ हा प्रश्न त्याच जातीचा आहे. म्हणून जावाचे नियम जाणूनबुजून साधे ठेवले आहेत. ‘व्हाइल (फॉल्स)’ च्या आतला कोड कधीच चालणार नाही म्हणून नाकारला जातो, पण ‘इफ (फॉल्स)’ च्या आतला स्वीकारला जातो, कारण चाचणीपुरता कोड एका स्थिर व्हेरिएबलने चालू-बंद ठेवण्याची सोय भाषेला राखायची होती.

दुसऱ्या शंकेचे उत्तर जावाच्या इतिहासात आहे. अ‍ॅरेंच्या बाबतीत जावाने सुरुवातीपासून स्ट्रिंगांचा अ‍ॅरे ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेच्या जागी देण्यास परवानगी दिली. त्यामुळे त्यात इंटिजर घालणारी ओळ कंपाइल होते आणि चालताना अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन येते. २००४ मध्ये जावा ५ बरोबर जेनेरिक्स, म्हणजे लिस्टमध्ये कोणत्या प्रकारच्या वस्तू असतील ते जाहीर करण्याची सोय, आले तेव्हा हीच चूक कंपायलरच्या बाजूला ओढण्यात आली: स्ट्रिंगांची लिस्ट ऑब्जेक्टच्या लिस्टच्या जागी देताच येत नाही. माझ्या मते भाषेच्या रचनाकारांनी केलेल्या उत्तम दुरुस्त्यांपैकी ही एक आहे. परंतु जुना कोड चालू राहावा म्हणून लिस्ट हा शब्द प्रकाराविना वापरण्याची मुभा ठेवली गेली, आणि कंपाइल झाल्यावर जेनेरिक प्रकार क्लास फाइलमधल्या सूचनांतून पुसले जातात. चालताना लिस्टला आपण स्ट्रिंगांची आहोत हे ठाऊकच नसते.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठेतरी ही यादी अशा मेथडला दिली गेली असणार की जिचा पॅरामीटर नुसता ‘लिस्ट’ आहे, आणि तिने त्यात इंटिजर घातला असणार. कंपाइल करताना ‘अनचेक्ड ऑर अनसेफ ऑपरेशन्स’ असे शब्द असलेली एक सूचना आली होती का, ते तपासा. ती एरर नसल्यामुळे लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, पण ‘यापुढची हमी मी देत नाही’ असे कंपायलरने तिथे बजावलेले असते. एक्सलिंट पर्यायात अनचेक्ड दिले की नेमकी ओळ कळते.

आणि कास्ट तुम्ही लिहिला नसला तरी तो तिथे आहे. प्रकार पुसल्यावर गेट ही मेथड ऑब्जेक्ट परत देते, ते स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये ठेवायचे म्हणून कंपायलर स्वतः तपासणीची सूचना घालतो. जावापी या आज्ञेला सी पर्याय देऊन क्लास फाइल उघडलीत तर त्या जागी ‘चेककास्ट’ ही सूचना तुम्हाला दिसेल. ‘ऑब्जेक्ट वस्तू = यादी.गेट(०);’ असे लिहून पाहा. तिथे तपासणीची गरज नाही, म्हणून तीच बिघडलेली यादी असूनही क्रॅश होणार नाही.

अनचेक्ड सूचनेवरून चुकीची वस्तू घालणारी ओळ सापडली नाही, उदाहरणार्थ ती आधीच कंपाइल झालेल्या एखाद्या जार फाइलमध्ये असेल, तर यादी तयार करताना ती कलेक्शन्स.चेक्डलिस्ट या मेथडमध्ये गुंडाळा आणि दुसऱ्या जागी स्ट्रिंगचा क्लास द्या. ही यादी प्रत्येक वस्तू आत घेतानाच तिचा प्रकार तपासते, त्यामुळे क्लासकास्टएक्सेप्शन गेटच्या ओळीवर न येता अ‍ॅडच्या वेळीच येईल आणि स्टॅक ट्रेसमध्ये इंटिजर घालणाऱ्या मेथडचे नाव दिसेल.